बलुत्यात नसलेलं दळण

“तेल्याच्या घाण्याला बैल, गुऱ्हाळाच्या चरकाला बैल, मोटंला बैल. मग जात्यालाच का गं न्हाई?”

कराडजवळच्या आमच्या गावात, गुऱ्हाळाच्या कडेनं घरी येताना आजीनं मला हे विचारलं होतं. गुऱ्हाळावर तोवर इंजिन आलं होतं, पण तिच्या डोळ्यांपुढे जुना, बैलांनी ओढायचा चरक होता. मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकत होते. चाकाचा शोध, वाफेचं इंजिन, छापखाना, तारायंत्र, सगळं सनावळीसकट पाठ होतं. आजीच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज साठी उलटल्यावर मला वाटतं की यंत्रांच्या इतिहासातला हा फार मोठा प्रश्न आहे, आणि तो आपण कधी नीट विचारलेलाच नाही.

आजी दळताना एक पाय दुमडून बसायची आणि दुसरा जात्याच्या कडेनं लांब सोडायची. समोर तिची मोठी जाऊ. खुंट्यावर दोघींचा एकेक हात. दुसऱ्या हातानं आजी सुपातली ज्वारी मूठमूठ उचलून जात्याच्या तोंडात टाकायची. त्या मुठीला वैरण म्हणत, जनावराला घालतात तीच वैरण. जास्त घातली तर भरड पडते, कमी घातली तर दगडावर दगड घासून पिठात कच येते. दहा-बारा माणसांचं घर, त्यामुळे पहाटेची चांदणी वर आली की जातं सुरू व्हायचं आणि उजाडायच्या आत थांबायचं, कारण उजाडल्यावर पाणी, शेण, भाकरी आणि मग रान. हे मी अर्धवट झोपेत पाहिलं आहे. घरघर आणि तिच्यावर चढलेला ओवीचा सूर अजून कानात आहे.

दळून दळून तळी गुळगुळीत झाली की जातं जड ओढायला लागे. मग टकारी समाजातली एखादी बाई दारात येई. ती वरची तळी उलटी करून मांडीशी घेई आणि टाकीनं दगडाला बारीक खड्डे पाडत जाई. कपची उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून तोंड एका अंगाला वळवलेलं. टाकवून झाल्यावर पहिलं दळण जनावरांचं, कारण त्यात हमखास कच असायची. खड्डे ताजे असले की चार-सहा दिवस हात हलका जातो, असं आजी सांगायची. गिरणी येईपर्यंत तिच्या आयुष्यात दळणाच्या कामात झालेली सुधारणा एवढीच, आणि तीही काही दिवसांची.

आता तिच्या प्रश्नाकडे येऊ. जात्याला बैल जुंपण्यात काही तांत्रिक अडचण होती का? मुळीच नव्हती. घाणा गोल फिरतो, चरक गोल फिरतो, जातंही गोलच फिरतं. पंजाबात बैलानं ओढायच्या पिठाच्या चक्क्या होत्या, त्यांना खरास म्हणत. म्हणजे ही कल्पना कुणाला सुचलीच नव्हती असंही नाही.

पाण्याची गोष्ट तर याहून जुनी. आजच्या छत्रपती संभाजीनगरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की उभी आहे. सतराव्या-अठराव्या शतकातलं हे काम. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणलं, उंचीवरून खाली सोडलं आणि त्याच्या धारेवर जातं फिरवलं. तिथे येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंच्या पोटाची सोय त्यावर होत असे. आपल्या मराठवाड्यात, तीनशे वर्षांपूर्वी. सहलीला आलेली मुलं तिथे फोटो काढतात, गाईड पाण्याचा दाब समजावून सांगतो. मला तिथे उभं राहिलं की एकच दिसतं. भिंतीच्या आत पाणी दळत होतं तेव्हा भिंतीबाहेरच्या गल्लीत, घराघरांत, बायका पहाटे उठून दळतच होत्या. ते यंत्र त्या भिंतीपलीकडे त्यांच्या घरापर्यंत गेलं नाही.

आणखी मागे जा. ग्रीक कवी अँटिपेटर, थेस्सलोनिकाचा. रोमचा सम्राट ऑगस्टसच्या काळचा, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याची पाणचक्कीवरची एक छोटी कविता आहे. दळणाऱ्या बायांनो, आता हात थांबवा, कोंबडा आरवला तरी निजून राहा, कारण तुमच्या हातांचं काम देवीनं जलपऱ्यांवर सोपवलं आहे, असा तिचा आशय. दोन हजार वर्षांपूर्वी एका माणसानं नवं यंत्र पाहिलं आणि त्याला सगळ्यात आधी दळणाऱ्या बाईची झोप आठवली. यंत्राकडे असं पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्याच सुमाराला, सातवाहनांच्या काळात, आपल्याकडेही गोल फिरतं जातं वापरात होतं. नेवाशाच्या उत्खननात त्या काळच्या थरांत अशी जाती मिळाली. पाट्यावर पुढेमागे घासण्यापेक्षा गोल फिरवणं कितीतरी सोपं, तेव्हा ती मोठीच सुधारणा होती. पण तिथून माझ्या आजीपर्यंत जवळजवळ दोन हजार वर्षं गेली आणि खुंट्यावरचा हात तोच राहिला.

हाडंसुद्धा हेच सांगतात. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी अबू हुरेरा नावाचं नवाश्मयुगातलं गाव होतं. १९७०च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी ते खणून पाहिलं. जगातल्या अगदी पहिल्या शेतकऱ्यांचं हे गाव. तिथल्या बायकांच्या सांगाड्यांत पायाच्या अंगठ्याचे सांधे, गुडघे आणि कंबरेचे मणके झिजलेले आढळले. दगडापुढे गुडघे टेकून, तास न् तास पुढेमागे झुकत धान्य भरडल्याच्या त्या खुणा आहेत. शेतीनं माणसाला स्थैर्य दिलं, गावं दिली, नगरं दिली, असं आपण शिकतो आणि ते खरंच आहे. त्या स्थैर्याची किंमत कुणाच्या गुडघ्यांनी दिली तेही त्याच मातीत पुरलेलं होतं. होमरच्या ओडिसीतही एक दळणारी दासी आहे. बाराजणी दळत असतात, अकराजणी आपलं दळण उरकून निजतात. ही सगळ्यांत अशक्त, हिचं अजून संपलेलं नसतं. ज्यांच्यासाठी दळून माझे गुडघे गेले त्यांचं आजचं जेवण शेवटचं ठरो, असं ती देवाला म्हणते. गुडघ्यांची ही तक्रार सुमारे सत्तावीसशे वर्षांची जुनी आहे.

युरोपात पाणचक्की पसरली. इंग्लंडमध्ये १०८६ सालच्या राजाच्या मोजणीत साडेपाच हजारांहून अधिक चक्क्यांची नोंद आहे. म्हणून तिकडच्या बायका सुटल्या, असं म्हणायची मात्र घाई करू नये. चक्की बांधायला पाणी, जागा आणि पैसा लागतो, आणि तिन्ही जमीनदाराकडे. त्यानं नियम केला की माझ्याच चक्कीवर दळायचं आणि पिठातला वाटा मला द्यायचा. सेंट ऑल्बन्सच्या मठाची हकीकत या बाबतीत विसरता येत नाही. १३३०च्या दशकात तिथला मठाधिपती होता रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड. लोहाराचा मुलगा, गणिती, त्या काळचं एक थोर खगोलीय घड्याळ घडवणारा माणूस. यंत्र म्हणजे काय हे त्याच्याइतकं कमीच जणांना कळत असेल. त्यानं गावकऱ्यांच्या घरातली हातजाती जप्त केली आणि ते दगड मठाच्या दालनात फरशी म्हणून बसवले. पन्नास वर्षांनी, १३८१च्या बंडात, गावकरी मठात घुसले, त्यांनी ती फरशी उखडली आणि जात्यांचे तुकडे आपापसांत वाटून घरी नेले. देवळातला प्रसाद न्यावा तसे.

म्हणजे यंत्र नसणं हा जाच आहे आणि यंत्र दुसऱ्याच्या मुठीत असणं हाही जाचच आहे. तरीही चक्कीमुळे युरोपात एक गोष्ट घडली. दळणं हा व्यवसाय झाला, त्याला नाव मिळालं. इंग्रजीतलं मिलर, जर्मनमधलं म्युलर ही आडनावं आज लाखो लोक लावतात, ती दळणाऱ्याचीच.

आता आपली आडनावं आठवा. सुतार, लोहार, कुंभार, तेली, माळी, परीट, सोनार. बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार मोजा. लाकूड तासणारा आहे, मडकं घडवणारा आहे, दाढी करणारा आहे, तेल गाळणारा आहे. जात्याला टाकी लावणाऱ्यांच्या समाजालासुद्धा नाव आहे. रोज, प्रत्येक घरात, ज्याच्याशिवाय तोंडात घास जाणार नाही, ते दळण करणारं मात्र यादीत कुणी नाही. गावगाड्यानं सुगीला सगळ्यांचं बलुतं मोजलं. खळ्यावर रास पडली की सुतार येई, न्हावी येई, प्रत्येकाची पाटी भरे. दळणारीच्या पाटीची गोष्टच निघाली नाही.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. घाण्याचं तेल विकलं जातं. चरकाच्या रसाचा गूळ पेठेत जातो. मोटेचं पाणी पिकाला जातं आणि पीक म्हणजे पैसा. जिथे पैसा होता तिथे बैल आला, कारण बैलाला वैरण लागते आणि ती वैरण परवडायला हवी. जात्यातलं पीठ घरातच खाऊन संपायचं. दळणारीला मजुरी नव्हती, मग तिच्या जागी बैल आणून वाचणार काय होतं? फुकटच्या हातापेक्षा स्वस्त यंत्र जगात कुणालाच बनवता आलेलं नाही. तुरुंगात सक्तमजुरी म्हणून कैद्याला चक्की पिसायला लावत, ही शिक्षा आहे हे सगळ्यांना समजत होतं. तेच काम घरात सुनेच्या वाट्याला आलं की ती रीत.

यावर कुणी म्हणेल की आपल्या नद्या हंगामी, सह्याद्रीच्या पूर्वेला फाल्गुनात ओढे आटतात, इथे पाणचक्की बारमाही चालणार कशी? हा मुद्दा खरा आहे. हिमालयाच्या डोंगरांत घराट, म्हणजे तिकडच्या पाणचक्क्या, आजही फिरतात ते बारमाही ओढ्यांवर. आपल्याकडे प्रत्येक गावात पाणचक्की होणं शक्य नव्हतं हे मी मान्य करते. पण मग बैल? बैल बारमाही होता. माझ्या लहानपणी आमच्या भागातल्या कुठल्याच म्हाताऱ्या माणसानं पिठासाठी बैल जुंपल्याचं मला सांगितलेलं नाही.

मग गिरणी आली. आधी बाजाराच्या गावात इंजिनाची, वर पत्र्याचं धुराडं, लांबून ऐकू येणारा टुक् टुक् आवाज. पुढे वीज आली तशी आमच्या गावात मोटारीची, साधारण सत्तरच्या सुमाराला. गिरणीत लांब पट्टा फिरायचा, चाळणीशी पीठ उडायचं, गिरणीवाल्या काकांच्या पापण्या, मिशा, कानांवरचे केस सगळे पांढरे. डबे ओळीनं ठेवलेले. बाजरीवर गहू दळला तर पोळी काळी पडते म्हणून बायका नंबर धरून बसायच्या, गव्हावर गहू आणि ज्वारीवर ज्वारी. आजी पहिल्यांदा पाटी घेऊन गेली तेव्हा पिठाला हात लावून बराच वेळ उभी राहिली होती. पीठ गरम होतं. जात्याचंही कोमट असे, पण हे तव्यावरून काढल्यासारखं. घरी येऊन ती म्हणाली, “माझ्या म्हयन्याचं दळाण त्यानं बिडी पिऊन व्हईस्तवर काढलं.”

किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. १९०३चा तो नांगर, लोखंडानं जमीन नासते या समजुतीशी त्यांनी दिलेला झगडा, ओसाड माळावर वसलेली किर्लोस्करवाडी. ही अभिमानानं सांगावी अशीच गोष्ट आहे. माझं म्हणणं इतकंच, की महाराष्ट्राच्या घरांत कुठल्या यंत्रानं सगळ्यांत मोठा बदल घडवला असं विचारलं तर मी पिठाच्या गिरणीचं नाव घेईन. निम्म्या लोकसंख्येला पहाटेचे दोन-तीन तास मिळाले. माझी आई त्या पहिल्या पिढीतली, जिला लग्नानंतर काही वर्षांनी जातं सुटलं. तिच्या मुली, आम्ही तिघी, शिकलो. पहाटे दळायला उठवावं लागत नव्हतं म्हणून दिव्यापुढे पुस्तक घेऊन बसू शकलो. या यंत्रावर मात्र धडा नाही. गावात पहिली गिरणी कुणी घातली, किती सालात, हे गावाच्या कुठल्या दप्तरात लिहिलेलं नसतं. देवळाच्या जीर्णोद्धाराची पाटी असते, पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाची असते.

आणि एक बोचणारी गोष्ट. शतकानुशतकं दळणं हे बायकांचं काम होतं तोवर तो धंदा नव्हता. ज्या दिवशी मोटार बसली त्या दिवशी तो धंदा झाला, आणि धंदेवाला झाला पुरुष. गिरणीवाला असा शब्द तयार झाला. मोलानं दळणाऱ्या बाया होत्या, नाही असं नाही. ‘दळण-कांडण करून पोरांना वाढवलं’ हे वाक्य मराठीत किती विधवांच्या चरित्रात येतं! गिरणी आल्यावर सर्वांत आधी पोट गेलं ते त्यांचं. मोटारीसाठी कर्ज त्यांना कुणी दिलं नाही. ज्या हातांना दगडाची नाडी कळत होती त्या हातांना यंत्राचा खटका मिळाला नाही.

आता ओवीबद्दल. ओवी गेली, संस्कृती गेली, असं हळहळून लिहिलं जातं. ओवी फार जुनी आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असं बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं ‘मानसोल्लासा’त नोंदवलं आहे. जनाबाईनं तर दळताना विठ्ठलालाच खुंट्याला हात लावायला बोलावलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. असं काम झालं नसतं तर आपण किती दरिद्री राहिलो असतो! त्या ओव्या मीही ऐकत बसते, डोळे भरून येतात. पण त्यांत काय आहे ते नीट ऐकावं. माहेर लांब आहे, भाऊ येत नाही, सासू बोलते, हात दुखतात, लेकीचा जन्म नको. जे दिवसा बोलायला जागा नव्हती ते पहाटेच्या अंधारात दगडाशी बोललं गेलं. त्या बोलण्याला मी वंदन करते. त्यासाठी जातं राहायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांनी आधी महिनाभर रोज चार माणसांचं दळून पाहावं. जात्यावरचं पीठ पौष्टिक म्हणून शहरात महाग विकलं जातं त्यालाही माझी हरकत नाही, फक्त ते कोण दळतं आणि तिला काय मिळतं ते पुड्यावर छापावं.

हे सगळं जुनं उगाळत बसायचं कारण काय? कारण आजही यंत्र कुठल्या कामाला आधी जोडायचं याचा निर्णय आपण आजीच्या काळासारखाच घेतो. शेतात पहा. नांगरट ट्रॅक्टरवर गेली, पेरणी गेली, मळणी गेली. ही बहुतेक पुरुषांची कामं. खुरपणी, कांद्याची लागण, कापसाची वेचणी अजून वाकूनच होते, आणि वाकलेली पाठ बहुतेक बाईची असते. तणनाशक आलं आहे, पण ते पाठ वाचवण्यापेक्षा मजुरी वाचवण्यासाठी. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनमजुरीच्या कामाला, ते काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ९७, असं निघालं. जवळजवळ पाच तास. गिरणी येऊन पन्नास वर्षं झाल्यानंतरचे हे पाच तास आहेत.

वैभव विळा, तण काढायचं सायकल कोळपं अशी हलकी, स्वस्त, हाताला सोसणारी अवजारं आपल्याकडे झाली आहेत, म्हणजे बुद्धी कमी पडत नाही. कमी पडतं ते त्यांच्याकडे पाहणं. प्रदर्शनाच्या मंडपात दर्शनी जागा ट्रॅक्टरची, कोळपं मागच्या कोपऱ्यात. सरकारी पैसा ज्या यंत्राला जातो त्या प्रत्येक यंत्राच्या कागदावर तीन गोष्टी लिहिणं सक्तीचं करावं अशी माझी मागणी आहे. हे काम आज कुणाच्या हातानं होतं, त्या हाताला आज मजुरी मिळते का, आणि यंत्र आल्यावर त्याची मालकी व मिळकत कुणाकडे जाईल. पहिलं विचारलं नाही तर आजीचं जातं तसंच राहतं, दुसरं विचारलं नाही तर दळण-कांडण करणारी विधवा उघड्यावर पडते, तिसरं विचारलं नाही तर सेंट ऑल्बन्सची फरशी होते.

मालकीचा प्रश्न कागदावर फार लवकर अडतो. माझी वहिनी गावाकडे शेती बघते. गुडघे गेलेत, उकिडवं बसवत नाही, म्हणून गेल्या वर्षी तिनं उभ्यानं चालवायचं कोळपं अनुदानातून मागायचं ठरवलं. अर्जाला सातबारा लागतो, आणि २०१५-१६च्या कृषी गणनेत देशभरातल्या शेतीच्या वहिवाटदारांत जेमतेम १४ टक्के बायका होत्या. वहिनीचं नावही उताऱ्यावर नव्हतं. “यजमानांच्या नावानं भरा की,” खिडकीतला माणूस म्हणाला, आणि त्यानं ते चांगल्या मनानंच सांगितलं. अर्ज दादाच्या नावानं गेला. कोळपं आलं, पावती दादाच्या नावाची. दादानं ते एकदाही चालवलेलं नाही.

नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव उताऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. दिवाळीत मी गावी गेले तेव्हा दादाला त्याबद्दल सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीकडे तिचं आधार कार्ड मागितलं आणि तलाठ्याकडे गेला.